कापसाचा खोकला

अब्बा पिंजारी होते. वडूजच्या आमच्या दुकानात ते कापूस पिंजायला बसले की धनुकलीचा टणत्कार गल्लीच्या तोंडापर्यंत यायचा. शाळेतून येताना तो कानावर पडला, की आज गाद्यांचं काम आलंय हे कळायचं. पिंजलेल्या ढिगात शिरायला मला मनाई होती, पण गिऱ्हाईक नसलं की अब्बा स्वतःच म्हणायचे, "ये, मार उडी." नाकातोंडात कापूस जायचा आणि आम्ही दोघंही हसत सुटायचो.

त्या कापसानंच त्यांना खोकला लावला. उबळ वाढली की ते दवाखान्यातून लाल-काळ्या कॅप्सूल आणायचे. पुढं दवाखानाही सुटला, थेट औषधाच्या दुकानातूनच घ्यायचे. जरा बरं वाटलं की उरलेल्या कॅप्सूल डब्यात जायच्या. त्या कॅप्सूलवर आमच्या घराचा केवढा भरवसा होता!

धनुकली थांबल्यावर अब्बा माझ्याकडं सांगलीला राहायला आले, आणि एकदा त्यांना थंडी वाजून ताप भरला. लघवीला आग होत होती. गोळ्यांनी ताप उतरेना, म्हणून लघवी तपासली. त्यातल्या जंतूंना नेहमीची कुठलीच गोळी लागू पडत नव्हती. दवाखान्यात ठेवून शिरेतून इंजेक्शनं द्यावी लागली.

"आवं डॉक्टरीणबाई, मी लय वर्सं कॅप्सुला खाल्ल्यात," अब्बा म्हणाले. "तवा तर गुण यायचा."

डॉक्टरीणबाई स्टूल ओढून बसल्या. "चाचा, हे जंतू तुमच्या आतड्यातलेच. एरवी तिथं निमूट असतात. कॅप्सूल खोकल्यासाठी घेतली, तरी आतड्यातल्या जंतूंवरही तिचा मारा होतो. साधे मरतात, तिला न जुमानणारे उरतात आणि मोकळ्या जागेत त्यांचीच पिलावळ वाढते. तेच आता लघवीच्या वाटेत शिरलेत."

"आन् खोकला?"

"तो बहुतेक कापसाच्या धुळीचा. धूळ कुठं कॅप्सूलनं मरते?"

अब्बा कुशीवर वळले. मग मला म्हणाले, "म्हंजी दुखणं छातीचं, आन् मार पोटाला."

मला हसू आलं आणि डोळेही भरले.

ते बरे झाले. निघताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं, की गरज नसताना असं औषध घ्यायचं नाही. साधे जंतू हळूहळू आपली जागा परत धरतात, पण दणकट सगळेच जातील याची खात्री नाही.

थंडीत अब्बा वडूजला परतले आणि त्यांचा फोन आला. "खोकला उठलाय. औषधाच्या दुकानावरनंच आलो, पर आत गेलो न्हाई. आदी तुज्या डॉक्टरीणबाईला इचार."

डॉक्टरीणबाईंनी साताऱ्याला छाती तपासून घ्यायला सांगितलं. तिथं त्यांना श्वासातून ओढायचं औषध मिळालं. रविवारी मी वडूजला गेले, तर अब्बा ओट्यावर उन्हात बसलेले. कुठल्या गावात कुणाच्या लग्नाच्या गाद्या भरल्या, कुठल्या नवरीच्या आईनं कापूस कमी म्हणून भांडण काढलं, असं सगळं दुपारभर सांगत होते. मध्येच उबळ यायची. ते कोमट पाण्याचा घोट घ्यायचे आणि भांडण पुढं चालू व्हायचं.