बाबांचं पान फाटकाबाहेर

थाक मेह्वाला सरकारांनी नावं भरपूर दिली. साखालिन बेटावर ती जन्मली तेव्हा तिथं जपान्यांचं राज्य होतं, म्हणून कागदावर उमेको. मग रशियन आले, त्यांनी तिची मारुस्या केली. मेह्वा हे नाव बाबांनी ठेवलेलं, आणि ते बाबांशिवाय कुणी वापरलं नाही. बेटावर शेजारणी तिला ‘कोरियन बाई’ म्हणायच्या. साठीला टेकल्यावर ती कोरियात परतली. परतली म्हणायचं आपलं. आधी कधी आलीच नव्हती. तर इथं भाजीवालीसुद्धा विचारायची, “आजी, रशियातून आलात?”

कोरियन सरकारनं आन्सानमध्ये फ्लॅट दिला, पण दोघांत एक. मेह्वा विधवा. मग बेटावरच्याच माङ दुक-सू नावाच्या विधुराशी तिनं कागदोपत्री लग्न लावलं. त्याला सगळे वीत्या म्हणतात. नळ, खिडक्या आणि वीत्या असं सगळं घराबरोबर मिळालं, आणि त्यात सगळ्यात जास्त गळतो तो वीत्या. याला रडायला कांदासुद्धा लागत नाही.

तिच्या बाबांना तरुणपणी जपान्यांनी गावातून उचलून बेटावरच्या कोळशाच्या खाणीत नेलं होतं. ते तिथंच म्हातारे झाले आणि तिथंच गेले. त्यांच्या गावी आता चुलतभाऊ जे-गुन घर धरून आहे. छुसोकच्या सणाला पितरांना जेवू घालतात, तेव्हा त्यानं पहिल्यांदाच मेह्वाला बोलावलं. तिला एवढंच हवं होतं, की एकदा बाबांचं पान त्यांच्या स्वतःच्या घरात मांडलं जावं. बाकी आयुष्याकडून मागणी संपली होती.

तिनं आदल्या दिवशी बाबांच्या आवडीचा सामन मासा लसूण आणि लाल तिखट चोळून मुरवला, वोडकाची बाटली घेतली, वीत्याला घेतलं आणि बसनं गाव गाठलं.

डब्याचं झाकण निघालं आणि जे-गुनच्या बायकोनं पदर असता तर नाकाला लावला असता. “अगं बाई! वन्सं, लसूण?”

जे-गुन धावत आला. “ताई, अगं लसूण-तिखटानं पितर पळतात! भुतं हाकलायची वस्तू ही. पितरांच्या ताटात कोण ठेवतं?”

“बाबांना याशिवाय घास उतरायचा नाही.”

“ते जिवंतपणी. आता ते पितर आहेत.”

“पितर झाले म्हणून पथ्य लागलं होय?”

“आमच्याकडे तर दरवर्षी हेच असायचं,” वीत्या म्हणाला. “कुणी उपाशी परत गेल्याचं ऐकलं नाही बुवा.”

मेह्वा तोंडानं भांडत होती, पण मनात दुसरंच चाललं होतं. आई लवकर गेली, बेटावर हे सांगणारं कुणी उरलंच नव्हतं. म्हणजे इतकी वर्षं आपण बापाला जेवायला बोलावून दारातूनच हाकलत होतो की काय?

जे-गुन मनानं वाईट नव्हता. त्यानं तोडगा काढला. “काकांचं पान आमच्या पितरांतच वाढू या, अगदी साग्रसंगीत. हे तुझं फाटकाबाहेर ठेव. बेवारशी आत्म्यांना वाढतोच आपण तिथं. त्यांना काहीही चालतं.”

बेवारशी हा शब्द मेह्वाला बरोबर बसला. तिनं ताट उचललं आणि तरातरा फाटकाबाहेर गेली. वीत्या चटई, पेले आणि बाटली घेऊन मागोमाग. रस्त्याच्या कडेला चटई पसरली, मासा मांडला, वोडका ओतली.

“बाबा, या,” ती मोठ्यानं म्हणाली. “खाणीतल्या सगळ्यांना घेऊन या. इथं नियम नाहीत.”

“माझ्या आईलाही बोलाव,” वीत्या म्हणाला आणि गळायला लागला.

समोरच्या घरातून दोन डोकी बाहेर आली, मग चार. जे-गुन ठेवणीतला पांढरा झगा सावरत फाटकात आला. “ताई, आत चल. गाव बघतंय. सगळे खोळंबलेत, आतलं सगळं गार होतंय.”

मेह्वा जागची हलली नाही. “लढाई संपली तेव्हा जपान्यांनी स्वतःची माणसं बोटीत भरून नेली. बाबांना म्हणाले, थांबा, तुमचीही बोट येईल. ते धक्क्यावर थांबले. बर्फात थांबले. डोळे मिटेपर्यंत थांबले रे. तू त्यांचं जेवण होईपर्यंत थांब.”

जे-गुननं एकदा घराकडे पाहिलं, एकदा शेजाऱ्यांकडे. मग चपला काढून तो चटईवर आला आणि त्या ताटापुढे त्यानं कपाळ टेकवलं, नाक मुरडतच, पण पूर्ण वाकून.