अकरा घरं आणि गिरणीवाल्याच्या खुर्च्या

देश किती पुढे गेला हे कसं मोजायचं, यावर मी वर्गात वर्षानुवर्षं बोलत आलेय. सरासरी आयुष्य, शाळेत काढलेली वर्षं, माणशी उत्पन्न, या तिन्हींचा मिळून एक आकडा काढायचा आणि शिडीवर देशाची पायरी ठरवायची. मुलं वहीत उतरवून घेतात आणि परीक्षा झाली की विसरतात. त्याच धर्तीवर घराचं राहणीमान मोजणारा वीस प्रश्नांचा एक फॉर्म मी बनवला होता. माझी जुनी विद्यार्थिनी सुनंदा आता जालन्यात कॉलेजात शिकवते. तिला हा फॉर्म घेऊन एक अख्खा तालुका मोजायचा होता. म्हणाली, आधी तुम्हीच येऊन एका वस्तीवर चालवून बघा. चालला तर पुढच्या महिन्यात तिच्या वर्गातली मुलं घरोघर फिरणार होती, चुकला तर तिचं वर्षभराचं काम पाण्यात. मी फुशारून रजा टाकली आणि जानेवारीत निघाले.

जाणाऱ्यांनी पुण्यात शिवाजीनगरहून सकाळची एसटी पकडावी. औरंगाबादपर्यंत रस्ता बरा आहे, पुढे पाठीचे मणके एकेक करून ओळख देतात. आठ तास धरून चाला. जालन्यात स्टँडजवळच्या लॉजवर दोनशे रुपयांत खोली मिळाली. गरम पाण्याची बादलीही मिळते, पण मागावी लागते. संध्याकाळी पॅड आणि पेन घ्यायला एका मारवाडी दुकानात शिरले. मालकांच्या चार पिढ्या इथंच गेल्या. कशासाठी आलात, विचारलं, मी सांगितलं. ते म्हणाले, जालना सोने का पालना, हे तर सगळ्यांना माहीत आहे, त्यात मोजायचं काय? मोजायचंच असेल तर सकाळी मोंढ्यावर, घाऊक बाजारात येऊन मोसंबीच्या गाड्या मोजा. ज्याचं त्याचं माप.

दुसऱ्या दिवशी सुनंदाला घेऊन अंबडमार्गे कुंभार पिंपळगाव. बाजाराचा दिवस असल्यामुळे गाडीत कोंबड्यांनाही तिकीट लावलं असतं तरी चाललं असतं. स्टँडसमोर पाच रुपयांत पोटभर भजी मिळतात, ती खाऊन आम्ही दोन किलोमीटरवरच्या वस्तीकडे चालत गेलो. दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती. वाटेत एका शेतकऱ्याने बोलावून गरम हुरडा आणि शेंगदाण्याची चटणी हातावर ठेवली. पैसे विचारले तर रागावला. हुरड्याच्या दिवसांत इकडे आलात तर जेवणाची चिंता करू नका.

वस्तीवर काम झकास सुरू झालं. सुनंदा विचारायची, मी लिहायचे. घड्याळ आहे? कुकर आहे? खुर्ची आहे? खुर्चीचं तर विचारावंही लागायचं नाही, कारण मी तिच्यावरच बसलेली असायचे. प्लॅस्टिकची, निळी, छान. चहा येई, फुलाफुलाच्या कपबशीत. कपबशीलाही गुण होता. घरामागून घर उत्तम गुण मिळवत होतं आणि मी मनातल्या मनात मराठवाड्याच्या मागासलेपणावरची जुनी व्याख्यानं फाडत होते.

चौथ्या घरी उठताना माझा पदर खुर्चीच्या हाताला अडकला. हात तडकला होता आणि तारेने शिवला होता. सातव्या घरी परत अडकला. अकराव्या घरी अडकला तेव्हा मी खाली वाकून नीट बघितलं. तीच तार, तेच तीन टाके. मी बाहेर येऊन घराच्या मागे गेले, तर दोघी बायका डोक्यावर निळ्या खुर्च्या घेऊन बाराव्या घराच्या परसात शिरत होत्या.

मला आधी हसू आलं आणि मग घाम फुटला. विचारल्यावर कळलं, खुर्च्या एकूण चार, पिठाच्या गिरणीवाल्याच्या. आम्ही मात्र अकरा घरांत लिहिल्या होत्या. सुनंदा हळूच म्हणाली, मॅडम, एकच तर प्रश्न आहे, राहू द्या ना, बाकी फॉर्म बराबर चाललाय. तिचा चेहरा उतरला होता. मलाही क्षणभर मोह झाला, खोटं कशाला सांगू. पण हाच फॉर्म घेऊन मुलं तालुकाभर फिरली असती, तर तालुकाभर खुर्च्या त्यांच्या पुढे पुढे चालल्या असत्या. मी पेन काढलं आणि एकेका फॉर्मवरचं 'आहे' खोडायला लागले.

अकराव्या घरच्या गयाबाई शेजारी उभ्या राहून बघत होत्या. साठीच्या, शाळा न शिकलेल्या, पण खोडलेलं त्यांना बरोबर कळलं.

"खुर्ची न्हाई म्हणून लिव्हून राह्यल्या का, बाई?"

मी म्हटलं, तुमच्या घरची नाही ना ती.

"मंग तुम्ही कशावर बसल्ता? पाहुणा आला आन् आमच्या आळीत भुईवर बसला, असं कधी झालं न्हाई. खुर्च्या गिरणीवाल्याच्या, कपबश्या माह्या, गादी शेजारच्या मथुराची. कुणाच्या बी घरी पाहुणा येऊ द्या, समदं तिथं जातंय. न्हाई कसं लिव्हता?"

म्हणजे कपही सगळीकडे तेच होते. मी सात घरांत त्याच कपांतून चहा प्यायले होते. मला त्यांची लाज वाटली नाही, माझीच वाटली. मी त्यांना म्हटलं, तुमचं खरंय, पण माझ्या कागदावर त्याला जागाच नाही. त्या म्हणाल्या, "मंग जागा करा. कागद तुमचाच हाय ना?"

आम्ही अकराही घरं पुन्हा फिरलो. प्रत्येक फॉर्मच्या खाली हाताने एकविसावा प्रश्न लिहिला: पाहुणा आल्यावर लागेल ती वस्तू कुणाकडून आणता? एकही घर गप्प राहिलं नाही. एका बाईने तर सहा नावं सांगितली आणि सातवं राहिलं म्हणून आम्हाला पुन्हा हाक मारली. दिवस मावळायच्या आत दहा-दहा रुपये देऊन जीपने पिंपळगाव गाठलं आणि रात्र तिथंच काढली.

तिसऱ्या दिवशी परतूरवरून जालन्याकडे निघालो. वाटूर फाट्यावर गाडी थांबली, तेव्हा सुनंदाने गुण मिळवून पाहिले. वस्ती दोन पायऱ्या खाली आली होती. एकविसाव्याला किती गुण द्यायचे यावर आम्ही चहा गार होईपर्यंत भांडलो आणि काही ठरलं नाही. पण तालुका मोजायला तिची मुलं हाच एकवीस प्रश्नांचा फॉर्म घेऊन जाणार, हे पक्कं झालं. ती खूश होती, मीही होते.

पुण्यात आल्यावर पहिल्या रविवारी गंमत म्हणून स्वतःच्या घराचा फॉर्म भरला. घड्याळं तीन, कुकर दोन, खुर्च्या आठ, कपबश्यांचे तर सेट. वीसच्या वीस गुण. एकविसाव्या प्रश्नापाशी पेन थांबलं. या फ्लॅटमध्ये मला नऊ वर्षं झाली. चष्मा लावला, दार उघडलं आणि समोरच्या दारावरची पाटी वाचायला गेले.