दोन लुगड्यांची केबल

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पण लांबी मोजायला मला कोणी शिकवू नये. लालबागच्या गिरणीत मी सांच्यावर होतो, कापड विणायचो, आणि हातातून कापड गेलं की किती वार गेलं ते बोटांना कळायचं. म्हणून लेकीने विजेवर चालणारी गाडी घेतली आणि तिची केबल आणायची वेळ आली, तेव्हा मी सांगून टाकलं, केबल मी आणणार.

"बाबा, तुम्हाला त्यातलं काय कळतं?"

"मोजायचं कळतं. बाकीचं दुकानदार सांगेल."

आमची चाळ पाडून तिथे टॉवर झाला. आम्हा जुन्या भाडेकरूंना वर खोल्या मिळाल्या, खाली गाड्या लावायला जागा. तिथल्या मागच्या भिंतीवर सोसायटीने चार्जिंगचा डबा बसवून दिला. केबल मात्र ज्याची त्याने आणायची. तिचं एक टोक डब्यात, दुसरं गाडीत. एवढंच काम. अडचण अशी की डबा आणि आमची गाडी यांच्यामध्ये एक जागा होती, आणि ती जागा त्याची होती.

तो म्हणजे आमच्याच चाळीतला, गिरणीत माझ्या शेजारचे सांचे चालवणारा. कोकणातून आम्ही एकाच वर्षी आलो. खात्यात आवाज एवढा की ओरडलं तरी ऐकू यायचं नाही. चहाला जायचं तर शेजाऱ्याच्या खांद्याला हात लावायचा आणि म्हणायचं, "बघ रे." तो ओठांवरून समजायचा. मग मी येईपर्यंत त्याचे सांचे तो बघायचा आणि माझेही बघायचा. धागा तुटला तर जोडायचा. असं किती वर्षं चाललं त्याची मोजदाद नाही.

मग संप झाला. आम्ही बाहेर बसलो. महिने गेले, घरातली भांडी गेली, आणि एका सकाळी तो गेटातून आत गेला. मी समोरच्या फुटपाथवर उभा होतो. त्याने बघितलं, मी बघितलं. त्यानंतर मी त्याच्याशी बोललो नाही. मला गिरणीने परत घेतलं नाही, मी दादरला फुलांच्या बाजारात हमाली केली, नंतर वॉचमन झालो. पुढे गिरणी बंद पडली आणि तोही बाहेर आला. तरी नाही बोललो. सत्यनारायणाचा प्रसाद त्याच्या घरून आमच्याकडे यायचा, आमच्याकडून तिकडे जायचा, पण देणं-घेणं बायकांचं. संपात तो चुकला. हे मी आजही म्हणतो.

तर त्याच्या जागेतून माझी केबल जाणार नव्हती. लेक म्हणाली, "अहो बाबा, त्यांच्याकडे गाडी कुठेय? एक स्कूटर आणि एक बादली. मागच्या भिंतीने वायर गेली तर त्यांना कळणारसुद्धा नाही. मी विचारते."

"तू नाही विचारायचं. मी नाही विचारायचं. आपण वळसा घालून आणू."

वळसा मोजायला मी बायकोचं नऊवारी घेतलं. एक पुरेना, म्हणून दुसरं काढायला गेलो.

"खुळावलात की काय तुमी? माजा लुगडा पार्किंगात?" ती म्हणाली.

"धुवून देईन."

"चाळीस वर्सा झाली, कधी रुमाल धुतलात नाय!"

दोन लुगडी गाठ मारून मी त्याच्या जागेच्या पुढून, गाड्या येतात-जातात त्या वाटेवरून फिरवली. पोरंबाळं हसत होती. हसू देत. माप आलं. ते घेऊन मी विजेच्या सामानाच्या बाजारात, लोहार चाळीत गेलो. तिथल्या गल्लीत वायरींच्या गुंडाळ्यांमधून वाट काढत एका दुकानात शिरलो आणि म्हणालो, "दोन लुगड्यांएवढी केबल दे, गाडीची."

दुकानदार भला होता, हसला नाही. मीटरचा हिशेब त्याने स्वतःच केला. "काका, एवढी लांब नाय येत. पाच मीटर, सात, जास्तीत जास्त दहा."

"मग दोन जोडून दे."

"जोड चालत नाय. गरम होईल, आग लागेल. एकसंधच पायजे. आणि वाटेत टाकणार? वरून गाड्या गेल्या तर आठवड्यात कामातून जाईल."

त्याने एक हातात दिली. मी दाबून बघितली, वाकवून बघितली. जाड, पण मऊ. चांगला माल होता. परत ठेवला आणि तसाच घरी आलो.

ऑफिसवरून येताना वाटेतल्या चार्जिंगच्या रांगेत लेक गाडी लावू लागली. आमची जेवणं उरकायची, मग ती यायची, आणि ओट्याशी उभ्यानेच दोन घास खायची. चार-पाच वेळा मी हे बघितलं. तिच्या आईने माझ्याकडे बघितलं तेव्हा मी टीव्हीकडे बघितलं.

रविवारी सकाळी मी एकच लुगडं घेऊन खाली उतरलो. विचारायला नव्हे. नुसतं सरळ माप किती होतं ते बघायला. तो तिथेच होता, प्लास्टिकच्या खुर्चीवर, बादली शेजारी, स्कूटर पुसत. मी त्याच्याकडे न बघता लुगड्याचा पदर डब्याला बांधला आणि भिंतीलगत ओढत आमच्या गाडीपर्यंत आलो. घट्ट ओढलं आणि गाडीच्या तोंडाशी आलं तिथे चिमटीत धरलं. पाच मीटरची पुरली असती.

"ताणतंस कित्याक रे?"

मी वळलो नाही.

"गिरणीतलो ताणो नाय तो. डब्यातसून खाली येतली, जमनीर लोळतली, मगे गाडीर चढतली. ढिली सोड."

आता हे खरं होतं. आयुष्यभर मी ताणा बघितला, बीमावरचे उभे धागे, ढिले पडले की कापड गेलं. त्यामुळे हात आपोआप ओढतो. मी लुगडं ढिलं सोडलं. ते जमिनीवर पडलं आणि चिमटीतली खूण गाडीच्या तोंडापासून चांगली दोन हात मागे राहिली.

"सात मीटर लागेल," मी म्हणालो. भिंतीला म्हणालो.

"सातच घे. हयसून ने." त्याने बादली उचलून पलीकडे ठेवली.

"मी विचारलं नाही तुला."

"मियां खंय म्हटलंय इचारलंस म्हणान? मी सांगतंय."

मी लुगड्याची घडी करायला लागलो. नऊवारीची घडी एकट्याला होत नाही. तो उठला, दुसरं टोक धरलं. कोपऱ्याला कोपरा लावत आम्ही जवळ आलो, त्याने आपला कोपरा माझ्या हातात दिला आणि परत स्कूटरकडे गेला.

सात मीटरची केबल त्याच आठवड्यात आली. दुकानदाराने विचारलं, "काका, लुगडी कमी झाली?" मी म्हटलं, "तू पिशवीत घाल." मागच्या भिंतीवर, त्याच्या जागेत, त्यानेच केबल अडकवायला दोन खुंट्या ठोकल्या. एक मला जरा उंच पडते. सांगितलं, तर म्हणतो, तू बुटको त्येका मी काय करू.

आता लेक वेळेवर येते आणि ताटावर बसून जेवते. केबल लावायचं काम माझं. डब्यावर हिरवा दिवा लागला की मी जरा वेळ उभा राहतो. संपाचं आम्ही बोलत नाही. बोललो तर पुन्हा भांडू, आणि मी माझं सोडणार नाही.

परवा केबल लावली आणि वरून बायकोने चहाला हाक मारली. तो खुर्चीवर पेपर वाचत होता. खाली काही गिरणीचा आवाज नव्हता, तरी मी जाऊन त्याच्या खांद्याला हात लावला.

"बघ रे."

त्याने पेपरातून मान वर न काढता हात हलवला. मी वर गेलो, चहा बशीत ओतून प्यायलो. घाई केली नाही.