अर्ध्या पानाचा आशीर्वाद

काय सांगू तुम्हाला, माणसानं स्वतःच्या लेकीच्या लग्नात तोंड उघडूच नये. मी उघडलं. आणि तेही भर मांडवात, हातात माइक घेऊन. चहा घ्या आधी, गोष्ट जरा लांबते.

मी रेल्वेत गार्ड. तीन पिढ्यांचं आमचं ख्रिस्ती घराणं, पण माझी रविवारी कायम ड्यूटी. म्हणजे ड्यूटी नसली तरी मी ड्यूटीच सांगायचो, हे आपलं तुमच्या-माझ्यात. घरात पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, होतं, चांगलं जाडजूड, काळ्या कव्हराचं. माझी बायको सुशीला ते रोज वाचायची. मी त्याच्यावरची धूळ झटकायचो आणि समजायचो, झाली आपली भक्ती.

एकोणीसशे सत्तरच्या आसपासची गोष्ट. थोरली रत्ना आम्ही कुहीच्या दौलतरावांच्या मुलाला दिली. दौलतराव, म्हणजे आमचे इवाई, तिथल्या मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, मोठे भाविक गृहस्थ. जेवायला बसले तरी शास्त्रातलं काहीतरी सांगणार. मला धास्ती एकच. पोरगी एवढ्या जाणत्या घरात चालली, उद्या कोणी म्हणायला नको की हिच्या बापाला काही येत नाही.

आमच्याकडे चर्चमधला विधी झाला की मांडवात मुलीचा बाप दोन शब्द बोलतो. शास्त्रातल्या अमक्या जोडप्यासारखा संसार करा, असा आशीर्वाद देतो. पण दर लग्नात जोडपं तेच! ऐकून ऐकून कान किटले होते. म्हटलं, आपण कोरं करकरीत जोडपं काढू.

लग्नाच्या दिवशी सकाळी शास्त्र उघडलं, भराभर पानं उलटली, आणि सापडलं की हो. नवरा-बायको. दोघांच्या संमतीनं जमीन विकली, पैसे आणून मंडळीच्या पुढाऱ्यांच्या पायाशी ठेवले. वा, काय जोडी! तेवढ्यात खुर्च्या कमी पडतात म्हणून बिछायतवाला ओरडायला लागला. मी पुस्तक मिटलं आणि पळालो. त्या जोडप्याची नावं आमच्या घरात आजही कोणी घेत नाही, म्हणून इथंही घेत नाही.

मांडवात मी माइक धरला आणि ती दोन नावं ठणकावून घेतली. मांडव एकदम चिडीचूप झाला. मला वाटलं, रंगलं भाषण. मग काय, मी सुटलोच.

"आमच्या इवाईंनी बी नुकतंच कुहीचं धानाचं वावर विकलं," मी म्हणालो. "त्याइच्या घरात तेच संस्कार आहेत. पोरांनो, त्या दोघांवानी वागा. देवानं जे त्याइच्या पदरात टाकलं, तेच तुमच्याही पदरात पडो."

चर्चच्या पाळकसाहेबांना खोकल्याची उबळ आली. रत्नानं मान खाली घातली. दौलतराव उठले आणि तडक मांडवामागे, आचाऱ्याच्या चुलीकडे गेले. सुशीलानं मला बाहीला धरून खाली ओढलं.

"तुम्ही पुढचं वाचलं का नाही जी?"

"काहून? काय झालं?"

"अर्धे पैसे लपवले त्याइनं. अन् सारेच आणले म्हणून खोटं बोलले. जागच्या जागी मेले दोघंही. एकाच दिवशी."

स्वतःच्या लेक-जावयाला मी काय दिलं होतं, कळलं ना? वर इवाईंच्या वावराचा दाखला! चार वाजता रत्ना कुहीला निघणार होती, त्याच माणसाच्या घरी. मी धावत चुलीकडे गेलो. दौलतराव एका उलट्या घमेल्यावर बसून उपरण्यानं डोळे पुसत होते.

"इवाई, माफ करा मले..."

"तुम्ही कायची माफी मागून राहिले? तुम्हाले सांगितलं कोणं?"

"काय सांगितलं?"

"वावर विकलं तवा मी मंडळीले बोललो होतो, सारे पैसे चर्चच्या छपराले देतो. मंग अर्धे या लग्नासाठी ठेवले, अन् सांगितलं का एवढेच आले. तवापासून घास गोड लागत नाही गा."

मी हातच जोडले. "देवाशपथ सांगतो, मी पुढचं वाचलंच नव्हतं."

दौलतरावांनी माझे दोन्ही हात धरले. "मले लाज वाटू नये म्हणून तुम्ही स्वतःले अडाणी म्हणून राहिले. असा जाणता माणूस मी पाह्यला नाही. तुमची रत्ना आता माही पोरगी." माझा जीव भांड्यात पडला, आणि लाजही तितकीच वाटली.

त्यांनी मंडळीला दिलेला शब्द पाळला, राहिलेले पैसेही छपराला भरले. छप्पर पुरं झालं आणि उपकारस्तुतीच्या, म्हणजे देवाचे आभार मानायच्या, दिवशी संदेश द्यायला मलाच आवतण आलं. काय करणार? बसलो वाचायला, अगदी पहिल्या पानापासून. ड्यूटीवर डबा खातानासुद्धा शास्त्र मांडीवर. आणि लागली हो गोडी. भांडणारी, घाबरणारी, खोटं बोलणारी, पुन्हा देवाकडे वळणारी, सारी आपल्यासारखीच माणसं. वाईट वाटलं, इतकी वर्षं मी यांची नुसती धूळ झटकत होतो.

कुहीला जायच्या दिवशी कोट घालून, छाती काढून मी सुशीलासमोर उभा राहिलो. म्हटलं, "एका नव्या माणसाची गोष्ट काढली आहे. कशी वाटते?"

ती म्हणाली, "चांगलीच असंल जी. फक्त तो शेवटी जिता राह्यला का मेला, तेवढं पाहून घ्या."

मी कोट काढला आणि पुन्हा वाचायला बसलो. तो मेला होता.