पांढऱ्या सुटातली सकाळ

कोरोनाच्या पहिल्या उन्हाळ्यात आमच्या आरोग्य केंद्रात नर्सला दिवसाला एकच पांढरा सूट मिळायचा. मेला एकदा उतरवला की कचऱ्यातच. म्हणून सकाळी घरून निघताना मी चहासुद्धा घ्यायची नाही, पाण्याचं तर नावच नको. आधीच आमची माणसं अपुरी, त्यात दोघी आजारी पडलेल्या. त्यांच्या गल्ल्याही माझ्याच गळ्यात.

त्या दिवशी मळमड्डीच्या गल्ल्यांत घरोघरी ताप बघत फिरत होते. सारखा वरून फोन, "सिस्टर, किती घरं झाली?" अहो, फोन घ्यायचा की घरं करायची! ऊन चढलं तशी ओटीपोटात कळ यायला लागली. पन्नाशीची बाई मी, दोन बाळंतपणं झालेली. किती धरून ठेवणार? बरोबरची आशाताई कानडीत म्हणाली, "सिस्टर, स्वल्प तडीरी." थोडं थांबा, एवढी गल्ली संपली की केंद्रावर जाऊ.

शेवटी सूट गेला तर गेला म्हणत एका ओळखीच्या दारात उभी राहिले. तिथल्या अक्कांच्या दोन्ही नातवंडांना पोलिओचे डोस मीच पाजलेले. एरवी कुंकू लावल्याशिवाय सोडायच्या नाहीत मला. लाज गिळून म्हटलं, "अक्का, जरा बाथरूमला जाऊन येऊ?"

अक्कांचा चेहरा उतरला. "राग मानू नका हो सिस्टर. आमचे अप्पा ऐंशीच्या वरचे. तुम्ही इतक्या घरांतनं फिरून आलाय..." दार लावलं नाही त्यांनी, नुसतं अर्धं लोटलं. त्यांचं तरी काय चुकलं? पण संताप आलाच. दुसऱ्या दारात विचारायला मग तोंडच झालं नाही.

पुढच्या घरी एका आजोबांचा ताप मोजता मोजता व्हायचं ते झालं. गरम ओल मांड्यांवरून खाली बुटांत उतरली. वरून काही दिसत नव्हतं, पण चालताना तापल्या रस्त्यावर माझे ओले ठसे उमटत होते. आयुष्यभर लोकांचं सगळं काढलं, कधी किळस केली नाही. आपलंच झालं तेव्हा मात्र मरून जावंसं वाटलं.

गल्लीच्या टोकाला बायका जमलेल्या. खुर्ची मांडलेली, ताम्हनात निरांजन. आमचा सत्कार! पुढे त्याच अक्का, हातात तांब्या.

"बसा ना सिस्टर."

बसते कशी? "उभीच बरी आहे मी," म्हटलं.

"इश्श, लाजताय काय! आज तुम्हीच आमची देवी." आणि सवाष्णीच्या पायांवर घालतात तसं पाणी घालायला त्या हातभर अंतरावरून वाकल्या. मी दचकून मागे सरले. वास आला तर?

मग वाटलं, पाय भिजलेलेच बरे. आधीचं ओलं कुणाला कळणार नाही. मी पाय पुढे केला. बुटावर धार पडली, टाळ्या वाजल्या, कुणीतरी फोटो काढला.

"अक्का," मी म्हटलं, "अजून थोडं घाला."