हिल्याचा आवाज ज्या डिस्कवर होता

त्या हिवाळ्यात कुणी ओस्मो कीस्किनेनला "कसं काय?" असं विचारलं, तर तो "चाललंय" एवढंच म्हणायचा आणि हातमोजे चढवून वाटेला लागायचा. चाललंय म्हणजे काय, ते गावाला ठाऊक होतं. त्याची बायको राइली आदल्या वर्षी स्वयंपाकघरात कोसळली, आणि शुद्धीवर आली तेव्हा अर्धं अंग आणि बहुतेक सगळे शब्द गेलेले होते. कागद गिरणीनं ओस्मोला त्याआधीच घरी बसवलं होतं. गिरणीत तो यंत्रांच्या विजेचं काम बघायचा. आता तो राइलीला उठवायचा, पुसायचा, भरवायचा, रात्री उठून तिची कूस बदलायचा. सकाळी मदतनीस बाई यायची तेवढा वेळ त्याचा स्वतःचा. तोही त्यानं मंडळाला देऊन टाकला होता.

मंडळ म्हणजे युद्धात सीमेपलीकडे गेलेल्या कारेलिया प्रांतातलं घरदार सोडून पिएलिनेन सरोवराच्या काठी येऊन राहिलेल्या लोकांचं. जुन्या डेअरीच्या मागच्या खोलीत त्यांचा एक संगणक होता. म्हाताऱ्या माणसांनी सांगितलेल्या आठवणी, गाणी, अगदी शिव्यासुद्धा, टेपांवरून उतरवून त्यात साठवल्या होत्या. टेपा पुढं ओल लागून चिकटल्या आणि फेकून द्याव्या लागल्या. लिनक्सवर चालणारं ते यंत्र ओस्मोनंच जोडलं होतं, त्यामुळं खोलीची किल्लीही त्याच्याच खिशात असायची.

तिथं न चुकता येणारं माणूस एकच, केर्त्तू बाई. ऐंशी ओलांडलेल्या, डोळ्यांनी अधू, जिभेनं मात्र नाही. गावातल्या निम्म्या माणसांना अक्षरओळख त्यांनी करून दिली होती, ओस्मोलाही. म्हणून साठीला टेकलेला ओस्मो अजून त्यांना बाईच म्हणायचा. थोरली बहीण हिल्या गेल्यापासून बाई या खोलीत येऊन, कानावर हेडफोन चढवून तिचं बोलणं ऐकत बसायच्या.

"ओस्मो, हिल्या आज पुन्हा अडखळतेय," त्या म्हणायच्या.

"यंत्र जुनं झालंय, बाई."

"मी त्याहून जुनी आहे. मी अडखळते का?"

ओस्मो नुसता हसायचा. बघतो म्हणायचा आणि बघायचा नाही. बघायचं म्हणजे यंत्र उघडायचं, नोंदी वाचायच्या, डोकं चालवायचं. आणि त्याचं डोकं सकाळीच रिकामं झालेलं असायचं.

मग एका सकाळी हिल्या एका शब्दावर अडकली ती अडकलीच. तोच तुकडा पुन्हा पुन्हा आला, मग काहीच नाही. संगणकाच्या खोक्यातून टक्, टक् असा आवाज येऊ लागला. बाईंनी हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

"हे मलाही ऐकू येतंय," त्या म्हणाल्या. "हे हिल्याचं नाही."

ओस्मोनं खोकं उघडलं. आत दोन डिस्का एकावर एक बसवलेल्या, एकाच कंपनीच्या, एकाच आकाराच्या, जुळ्या बहिणींसारख्या. एकीवर आवाज होते, दुसरीवर मंडळाचे फोटो. फोटोंच्या प्रती घरोघरी होत्या, आवाजांची प्रत कुठंच नव्हती. प्रतीसाठी आणखी एक डिस्क घेऊ या असं दरवर्षीच्या सभेत ठरायचं आणि कॉफीबरोबर विरघळून जायचं. कुठली डिस्क कुठली, ते त्यानं कधीकाळी पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं, पण ती खूण केव्हाच पुसली गेली होती.

मग त्यानं डिस्कांनाच विचारलं. एचडीपार्म नावाचा छोटासा प्रोग्रॅम आहे. तो डिस्कला तिचं नाव, तिचा कारखान्यातला क्रमांक आणि ती कुठल्या वेगानं चालते ते सांगायला लावतो. आवाजांच्या डिस्कचा पडद्यावर आलेला क्रमांक त्यानं मनात धरला आणि विजेरी तोंडात धरून, मान वाकडी करून, डिस्कांच्या कडेचे आकडे वाचले. जी टकटकत होती तीच आवाजांची होती. दुसरी निघावी, अशी मनातून त्याला फार आशा होती.

त्यानं योएनसूला राहणाऱ्या पेत्तेरीला, राइलीच्या भाच्याला, फोन लावला. पेत्तेरीचं पोट याच कामावर होतं.

"वेग किती दाखवतंय, काका?" पेत्तेरीनं विचारलं. ओस्मोनं सांगितला. "एवढाच? मग तुमचं डीएमए बंद पडलंय. डिस्कवरचा एकेक घास प्रोसेसरला स्वतः भरवावा लागतोय. ते चालू करा, म्हणजे डिस्क परस्पर मेमरीत ओतायला लागेल. उडेल नुसती."

"पण ते बंद का पडलं असेल?"

"असेल कशानं तरी. करा ना चालू. नवी डिस्क लावा, धडाधड उतरवून घ्या, सुटलात."

गिरणीतला ओस्मो कारण सापडल्याशिवाय कुठलीही कळ दाबत नसे. पण त्या दिवशी मदतनीस बाईची जायची वेळ होत आली होती, राइलीचं सूप व्हायचं होतं, आणि 'सुटलात' हा शब्द कानाला फार गोड लागला. त्यानं धावत जाऊन दुकानातून नवी डिस्क आणली, लावली, डीएमए चालू केलं आणि नक्कल सुरू केली. खरंच उडाली. पडद्यावरची फायलींची नावं वाचता येईनात इतक्या वेगानं सरकू लागली. ओस्मो कॉफी ठेवायला उठला, आणि पाणी उकळायच्या आत सगळं थिजलं. यंत्र बंद करून चालू केलं, तर आवाजांची डिस्क यंत्राला दिसेचना. विचारलं तर उत्तर नाही, जणू ती खोक्यात नाहीच.

तो खुर्चीत बसून राहिला. रागसुद्धा आला नाही. रागालाही अंगात काही लागतं.

"गेली का?" बाईंनी विचारलं.

"ठाऊक नाही."

त्यानं वीज काढली, डिस्क गार होऊ दिली, घरी जाऊन राइलीला भरवलं आणि तिला शेजारणीच्या स्वाधीन करून परत आला. या खेपेला डिस्कनं आपलं नाव सांगितलं. मग त्यानं ते केलं, जे खरं तर आधी करायचं होतं: यंत्र स्वतःच लिहून ठेवतं त्या जुन्या नोंदी उघडून वाचल्या. तिथं सगळं होतं. वाचताना चुका होऊ लागल्या तेव्हा यंत्रानंच कितीतरी आठवड्यांपूर्वी डिस्कचा वेग उतरवला होता. वेगात ती कोलमडत होती, धिमी चालली तर जेमतेम तग धरत होती. त्यानं तिला पुन्हा पळायला लावलं होतं.

आता त्यानं उलटं केलं. डीएमए बंद. एका दमात बरंच उचलायचं बंद. न मागता पुढचं वाचून ठेवायचं, तेही बंद. खिडकी बोटभर उघडून बाहेरची गार हवा डिस्कवर येईल असं केलं.

"आता किती वेळ लागेल?" बाईंनी विचारलं.

"दिवसच्या दिवस. आणि कुणीतरी इथं बसायला हवं. अडकली की बंद करायची, निवू द्यायची, खराब जागा ओलांडून पुढं न्यायची."

"मग बस की."

"राइली आहे ना घरी, बाई."

"तिच्याजवळ मी बसते," बाई म्हणाल्या.

"तिला उचलावं लागतं."

"उचलायला तू ये. मधल्या वेळात मी आहे. फोन लावता येतो मला, आंधळी झाले असले तरी."

"ती बोलत नाही, बाई. तुम्हाला कंटाळा येईल."

"आयुष्यभर मी असाच वर्ग मागत होते," बाई म्हणाल्या आणि कोट चाचपू लागल्या.

तसंच ठरलं. शेजारीण बाईंना हाताला धरून ओस्मोच्या घरी पोचवायची. त्या राइलीच्या उशाशी खुर्ची ओढून बसायच्या. ओस्मो डेअरीत स्वेटरवर कोट चढवून डिस्कसमोर बसायचा. डबा आणायचा, राईची भाकरी आणि खारवलेला मासा, आणि पुष्कळदा तो तसाच परत न्यायचा. टक् आवाज आला की उठायचा. कधी आवाज त्याच्या झोपेत यायचा आणि तो उगाच दचकून उभा राहायचा. अशाच एका दुपारी तो राइलीला उचलायला घरी गेला, तर दारातच त्याला एक विचित्र आवाज ऐकू आला. आत बाई कुठल्याशा पाद्र्याची नक्कल करत होत्या आणि राइली हसत होती. वाकड्या तोंडानं, घशातून, पण हसतच होती. ओस्मो बूट काढायला ओसरीत बसला. आनंद झालाच असेल त्याला, पण त्याआधी डोळे मिटले. बाईंनी हाक मारली तेव्हा एक बूट अजून पायातच होता.

शेवटी नक्कल संपली. बहुतेक आवाज आले. एका मच्छीमाराची जाळं ओढायची गाणी मात्र गेली, ती आता कुणालाच येत नव्हती. हिल्या आली, पण मधे भोक पडलेली. ते बाईंना सांगण्याआधी ओस्मोनं स्वयंपाकघरात दोनदा कॉफी ओतली.

"कुठं तुटते?" बाईंनी विचारलं.

"गावातून निघताना ती गाय सोडायला गोठ्यात जाते, तिथून. मग एकदम रेल्वेत बसलेली आहे."

बाईंनी कप खाली ठेवला. "तिथं ती खोटंच बोलायची. गाय मी सोडली. ती बाहेर गाडीत रडत बसली होती."

ओस्मोनं दुधाचा जग त्यांच्या हाताशी सरकवला.

"पण सांगायची छान," बाई म्हणाल्या. मग कपाची कड चाचपत, "तेवढं मी बोलले, तर घेईल तुझं यंत्र?"

"घेईल की."

"खरं सांगू, की हिल्याचं?"

"तुम्हाला वाटेल ते, बाई."

दुसऱ्या दिवशी त्यानं त्यांच्यासमोर माइक ठेवला. बाईंनी घसा साफ केला आणि हिल्याचं सांगितलं, शब्द न शब्द, तिच्याच चालीत. हिल्या गोठ्यात गेली, हिल्यानं दोर सोडला, गाय तिच्या मागं मागं कुंपणापर्यंत आली. एकदाच त्यांचा आवाज हलला. ओस्मोनं ते पुसलं नाही.

वसंतात मंडळानं नवं यंत्र घेतलं. ते सांभाळायला पेत्तेरी योएनसूहून येऊ लागला; ओस्मोनं किल्ली त्याच्याकडे दिली, आणि पुन्हा मागितली नाही. बाई मात्र राइलीकडे येत राहिल्या. त्या आल्या की ओस्मो मागच्या खोलीत जाऊन आडवा व्हायचा. पेत्तेरीला काही अडलं आणि त्यानं फोन केला, तर बाईच उचलायच्या.

"झोपलाय," त्या म्हणायच्या. "आणि मी त्याला उठवणार नाही."