मोजणीसिस्टरचा चार्ज

तिला मोजल्याशिवाय राहवत नसे. घराच्या जिन्याला बावीस पायऱ्या आहेत हे तिला गेली एकोणीस वर्षं ठाऊक होतं, तरी रोज चढताना ती मोजायचीच, मधल्या काळात कोणी एखादी उचलून नेली असेल तर काय घ्या. दोरीवरचे चिमटे, खणातले चमचे, नवऱ्याच्या शिंका, कशाचीही सुटका नव्हती. नवरा चष्म्याच्या काचा घासून बसवणारा, स्वभावाने अगदी थंड. तो म्हणायचा, आमच्या घरात वस्तू हरवायची सोयच नाही, बिचारीला लपायला जागा मिळत नाही.

पण तिलाही एकटीला दोष देण्यात अर्थ नाही. एकोणतीस वर्षं ती ऑपरेशन थिएटरात सिस्टर होती आणि तिथे तिचं कामच मुळी मोजण्याचं. पेशंटचं पोट उघडण्याआधी कात्र्या किती, चिमटे किती, सुया किती, रक्त टिपायचे कपडे किती, हे दोन सिस्टरांनी मिळून मोठ्याने मोजायचं आणि भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावर लिहायचं. शेवटी शिवण्याआधी पुन्हा मोजायचं. आकडा जुळेपर्यंत टाका घालायचा नाही, कारण जे टेबलावर नाही ते पोटात राहिलेलं असू शकतं.

एकदा तसं झालंही होतं. टिपायचा एक कपडा कमी भरला. मोठे डॉक्टर सकाळपासून उभे होते, पाय भरून आले होते, ते म्हणाले कचऱ्यात गेला असेल, चला शिवू. ही तेव्हा जेमतेम तीन वर्षांची जुनी. तरी सुईदोरा हातात घट्ट धरून म्हणाली, "एक कमी आहे सर. मी सुई देणार नाही." डॉक्टर भडकले, दोन मिनिटं नको नको ते बोलले आणि मग शोधायला लागले. वीस मिनिटांनी तो कपडा आतड्यामागून निघाला. त्या दिवसापासून मोठे डॉक्टर तिच्या तोंडाकडे पाहिल्याशिवाय पहिला टाका घालत नाहीत आणि अख्खं हॉस्पिटल तिला मोजणीसिस्टर म्हणतं. तोंडावरही म्हणतं. तिला त्याचा राग नाही, उलट थोडी ऐटच आहे.

तर या मोजणीसिस्टरला, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, एका यंत्राने आकडा दाखवला जो तिला मुळीच आवडला नाही. कर्मचाऱ्यांची वार्षिक तपासणी होती. रक्तदाब वरचा एकशे बहात्तर, खालचा एकशे चार. तिने यंत्रावर संशय घेतला, दुसरं मागवलं. दुसऱ्यानेही तेच सांगितलं. गोळ्या आधीपासून चालू होत्याच.

मेट्रनने तिला खोलीत बोलावून खुर्ची दिली, तेव्हाच तिने ओळखलं की काहीतरी गळ्यात पडणार. मेट्रन गोड बोलली, पण बोलली ते असं की एवढ्या रक्तदाबावर थिएटरात तासन्‌तास उभं राहू देता येणार नाही. सहा आठवडे तिथेच ठेवून बघू. उतरलं नाही तर बाह्यरुग्ण विभागात, केसपेपर देण्याच्या खिडकीवर बसायचं. बसून काम, वेळेवर घरी, काही ताप नाही. मेट्रनला वाटत होतं आपण चांगली बातमी देतोय. मोजणीसिस्टरच्या तोंडचं पाणी पळालं. थिएटर सोडून ती कोण होती, हे तिचं तिलाच माहीत नव्हतं.

घरी ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली ती नणंदेने. नणंद याच इमारतीत खालच्या मजल्यावर एकटी राहायची आणि कोपऱ्यावर तिचं बटणांचं, लेसचं दुकान होतं. दोघी साधारण एका वयाच्या. लग्न झाल्यापासून ही तिला 'वन्सं' म्हणायची, आधी मानाने, मग थट्टेने आणि आता सवयीने. वन्सं म्हणजे हिच्या नेमकी उलटी बाई. बारा बटणं मागितली तर डब्यात हात घालून मूठ काढायची आणि म्हणायची, घे, यात बाराच्या वर असतील, कमी नसतील. मोजणीसिस्टर त्या दुकानात पाच मिनिटांच्या वर उभी राहू शकत नसे, तिचा जीव वर-खाली व्हायचा.

वन्संनीच वाचनालयाच्या वरच्या हॉलमधला संध्याकाळचा योगवर्ग शोधून काढला. "वहिनी, तुला काही करायचं नाहीये तिथे," त्या म्हणाल्या. "नुसतं पडायचंय. मीही येते सोबतीला, मला पडायला आवडतं."

वर्ग चालवणारे मास्तर पूर्वी शाळेत खेळ शिकवायचे. शाळा सुटून दहा वर्षं झाली तरी गळ्यातली शिट्टी सुटली नव्हती, फक्त आता ते ती वाजवत नसत. पहिल्या दिवशी हातपाय ताणून झाले, पाठी वाकवून झाल्या, वाकल्या तेवढ्या. मग सगळ्यांना चटईवर उताणं पाडून मास्तरांनी सांगितलं, शवासन. श्वास मोजा. एकपासून दहापर्यंत, मग पुन्हा एक. मन भटकलं, आकडा चुकला, तर काही बिघडत नाही, परत एकपासून सुरू करा.

वन्सं तिसऱ्या श्वासाला घोरायला लागल्या. मोजणीसिस्टरने मात्र पंधरा मिनिटं डोळ्यांत तेल घालून, म्हणजे डोळे मिटून, श्वास मोजले. उठल्यावर मास्तरांनी विचारलं कसं वाटलं. ती म्हणाली, "माझा आकडा चुकलाच नाही. एकोणीस वेळा दहा, वर चार." तिच्या आवाजात थोडी शाबासकीची अपेक्षा होती.  इतक्या वर्षांत मास्तरांकडे आकडा चुकल्याची तक्रार घेऊन शेकडो लोक आले होते, न चुकल्याची कोणीच आणली नव्हती. ते म्हणाले, "ताई, तुम्ही श्वास नाही मोजलेत, तुम्ही ड्यूटी केलीत."

एवढ्यावर भागलं असतं तर ठीक. पण चटया गुंडाळून, फळीवर ठेवून लोक पायात चपला घालू लागले तेव्हा मोजणीसिस्टर दारात आडवी उभी राहिली. फळीवर नजर ठेवून, थिएटरातल्या आवाजात म्हणाली, "थांबा. कोणी बाहेर जायचं नाही. एक कमी आहे." सगळे जागच्या जागी. एक आजोबा एका पायात चप्पल घालून तसेच उभे. वर्ग सुरू होताना अठरा चटया निघाल्या होत्या आणि फळीवर सतराच आल्या होत्या. मास्तर म्हणत होते जाऊ द्या, पण त्यांना तिचा इतिहास कुठे माहीत. शेवटी कळलं की वन्संनी जमीन टोचते म्हणून दोन चटया एकावर एक घातल्या होत्या आणि तशाच एकत्र गुंडाळून ठेवल्या होत्या. गुंडाळी उलगडली, अठरावी निघाली, दार मोकळं झालं. वन्सं रस्ताभर हसत होत्या. मोजणीसिस्टरलाही हसू आलं, पण घरी जाऊन तिने दाब तपासला तर तो वाढलेलाच.

मास्तरांनी मग उपायांवर उपाय केले. मोजू नका, नुसता श्वास बघा, म्हणाले, तर तिने पंख्याच्या चकरा मोजल्या. डोळ्यांवर पट्टी बांधली तर तिने रस्त्यावरचे हॉर्न मोजले. एखादं शांत ठिकाण मनात आणा, म्हणाले, तर तिने तळं आणलं आणि त्यावरची बदकं मोजून काढली. तीन आठवडे संपता संपता मास्तरांनी हात टेकले.

खरं सांगायचं तर ती मनापासून प्रयत्नही करत नव्हती, आणि हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं. तिला भीती वाटत होती. आकडा सोडून द्यायची सवय एकदा लागली आणि उद्या थिएटरात आकडा सुटला तर? मोजणी सोडली नाही तर थिएटर जातं, सोडली तर कोणाचा तरी जीव जाऊ शकतो. असा तो पेच होता, आणि तिला त्यातून वाट दिसत नव्हती.

पाचव्या आठवड्यात एका संध्याकाळी दोघी वर्गाला चालत निघाल्या होत्या. त्या दिवशी सिस्टरांची पाळी बदलताना थोडी बाचाबाची झाली होती आणि ही तेच वन्संना सांगत होती. चालू ऑपरेशनात पाळी बदलली तर नुसतं निघून जाता येत नाही. येणाऱ्या सिस्टरला उभं करायचं, तिच्यासमोर सगळं मोजायचं, तिने ते परत म्हणून दाखवायचं आणि "चार्ज घेतला" असं तोंडाने म्हणायचं. ती म्हणेपर्यंत आपण पाणी प्यायलाही जायचं नाही. आजच्या नव्या सिस्टरने नुसती मान डोलावली म्हणून हिने तिला पुन्हा उभं केलं होतं.

वन्सं ऐकत होत्या. रस्ता ओलांडून झाल्यावर त्यांनी विचारलं, "आणि चार्ज घेतला म्हणाली की मग तू मोजत नाहीस?"

"मग कशाला मोजू? मग ते तिचं."

"मग या बाहेरच्या सगळ्याचा चार्ज तुझ्याकडून कोणी घेतलाय का गं कधी? जिना, चमचे, माझा भाऊ?"

मोजणीसिस्टर फुटपाथवर थांबली. तिने खरोखरच विचार केला. कोणी घेतला नव्हता. कोणी घेतो म्हटलंही नव्हतं आणि तिनेही कधी कोणाला विचारलं नव्हतं. एकोणतीस वर्षं ती थिएटरातून घरी येत होती, पण तिची पाळी काही संपली नव्हती. तिला एकदम फार दमल्यासारखं वाटलं आणि डोळे भरून आले.

"चल," वन्सं म्हणाल्या, "आज मी घेते."

ही थट्टा असेल असं हिला वाटलं. पण हॉलमध्ये शवासनाची वेळ आली तेव्हा वन्सं आडव्या झाल्या नाहीत. चटईवर मांडी घालून, पदर खोचून ताठ बसल्या. मग मोजणीसिस्टरनेही रीतसर सगळं दिलं. हळू आवाजात, बोट दाखवून. अठरा चटया. सोळा माणसं, मास्तर धरून सतरा. खिडक्या सहा, पंखे चार, त्यातला एक बंद. दाराबाहेर चपलांचे सतरा जोड. वन्संनी एकेक परत म्हणून दाखवलं. पंखे पाच म्हणाल्या, तिने दुरुस्त केलं, त्यांनी पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. मास्तर दिवा मंद करायचा सोडून बघत राहिले होते.

"चार्ज घेतला," वन्सं म्हणाल्या.

मोजणीसिस्टरने डोळे मिटले. एक, दोन, तीन असे श्वास सुरू केले. चौदापर्यंत, की सोळापर्यंत, तिला आठवतं. दहानंतर परत एकवर यायचं असतं हेही ती विसरली होती. त्यापुढचं काही तिला सांगता येत नाही.

जाग आली तेव्हा हॉल रिकामा होता. दिवे लागलेले, बाकीच्या चटया फळीवर, मास्तर लांब खिडकीपाशी पुस्तक वाचत बसलेले. शेजारी वन्सं तशाच, मांडी घालून, ताठ. तिसऱ्या श्वासाला घोरणारी ती बाई तासभर डोळा न मिटता बसली होती. डोळे लाल झाले होते, एक पाय बधिर झाला होता, आणि तोंडाने पुटपुट चालूच होती.

"पंधरा माणसं गेली वहिनी, पंधरा जोड गेले," त्यांनी सांगितलं. "आपण दोघी आणि मास्तर, तीन जोड बाहेर आहेत असं मी—" त्या थबकल्या. "थांब. चौदा गेली. चौदाच. आपण दोघी धरून सोळा ना? मी बघून येते."

त्या लंगडत दारापर्यंत गेल्या, जोड मोजले आणि परत येऊन म्हणाल्या, बरोबर आहे, तीनच. मोजणीसिस्टर पडल्या पडल्या बघत होती. बटणं मुठीने देणारी बाई तिच्यासाठी चपला मोजत होती. आपल्यावर कोणाचं इतकं प्रेम आहे हे तिला त्या क्षणी कळलं, आणि ती उठून न बसता तशीच थोडा वेळ पडून राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी थिएटरात लांबलचक ऑपरेशन होतं. शेवटची मोजणी तिने नेहमीपेक्षा सावकाश, एकेका वस्तूवर बोट रोखून केली. पण आकडे पहिल्याच फटक्यात जुळले. मोठ्या डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं, तिने मान हलवली, त्यांनी टाका घातला. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी चार्ज दिला जाऊ लागला, आणि नवऱ्याला कळल्यावर त्याने जिन्याचा आणि चमच्यांचा आपल्याकडे घेतला. पायऱ्या तो तेवीस सांगतो. ती दुरुस्त करत नाही.

सहा आठवडे भरल्यावर मेट्रनने स्वतः दाब मोजला. वरचं एकशे छत्तीस, खालचं चौऱ्याऐंशी. मेट्रनने पट्टा सोडून पुन्हा बांधला, पुन्हा तेच. थिएटरातच राहा, म्हणाली, आणि पुढे कागदावर लिहायचं म्हणून विचारलं, "कोणती गोळी बदलली?"

"गोळी तीच आहे," मोजणीसिस्टर म्हणाली. "नणंदेमुळे उतरलं."

मेट्रनलाही घरी एक नणंद होती. तिने पेन खाली ठेवलं आणि पुन्हा एकदा, नीट सांगायला सांगितलं.